समोर मिठागर, मागे धावपट्टी

दिनानाथ गमरे विमान चालवायला शिकवायचा आणि शिकवताना चिडायचा. तसा तो तापट नव्हता. विद्यार्थ्याने उतरताना विमान आपटलं, रेडिओवर भलतंच काही बोलला, वारा कुठून आहे हे विसरला, तर दिनानाथ नुसता मान हलवायचा. पण उड्डाण झालं, विमान जरा वर चढलं, की जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी मान वळवून मागे बघायचा. धावपट्टी कुठे राहिली, ते. तिथे मात्र दिनानाथचा तोल जायचा.

“काय सांडलंय का मागं? समोर बघ!”

ही १९८०-८१ची गोष्ट. उलव्याच्या बाजूला, खाडीत भराव टाकून तयार झालेल्या जमिनीवर उत्तर कोकण फ्लाइंग क्लब नावाच्या एका छोट्या क्लबने मुरमाची धावपट्टी केली होती. पत्र्याची एक शेड, दोन सीटची दोन जुनी विमानं, आणि वारा दाखवणारी कापडी पिशवी बांधलेला एक खांब. वारा बहुतेक समुद्राकडून यायचा, म्हणून उड्डाण पश्चिमेकडे व्हायचं. धावपट्टी संपली की काटेरी तार, मग मिठागरं, मग खारफुटी आणि चिखल. नव्या मुलांना ते सगळं बघून धडकी भरायची. इंजिन बंद पडलं तर तिथे कोण जाईल? त्यापेक्षा मागची सपाट, लांब धावपट्टी किती जवळची वाटायची!

दिनानाथचा नियम साधा होता. पाचशे फुटांपर्यंत विमान वळवायचं नाही, आणि त्याच्या आत इंजिन गेलं तर परत फिरायचं नाही. नाक खाली घ्यायचं, समोर जे असेल त्यात उतरायचं. चिखल तर चिखल.

“रस्त्यावर यू-टर्न घेतलास तर तू शेजारच्या रस्त्यावर येतोस,” तो समजावायचा. “त्याच रस्त्यावर यायला अजून वळावं लागतं. वळताना विमानाला जास्त वेग लागतो, आणि इंजिन नसताना वेग फक्त उंची मोडून मिळतो. उंची मोडवत नाही म्हणून माणूस घाबरून नाक वर ओढतो. की उरलासुरला वेग जातो आणि एक पंख खाली कोसळतो. मग संपलं.”

सगळे माना डोलवायचे. दुसऱ्या दिवशी परत माना मागे.

दिनानाथला हे पटकन कळलं होतं, कारण त्याला पडलेली विमानं माहीत होती. त्याचे वडील महाडच्या पलीकडच्या एका गावातून मुंबईच्या गोदीत कामाला आले होते. दिनानाथ मॅट्रिक होऊन हवाई दलात इंजिन फिटर म्हणून लागला. वर्षानुवर्षं त्याने दुसऱ्यांच्या विमानांची इंजिनं उघडली, बसवली आणि कधीकधी शेतातून, ओढ्यातून गोळा करून आणली. दलातून सुटल्यावर या क्लबात मेकॅनिक झाला. क्लबातल्या नोकरांना सवलतीत उडायला मिळायचं. पस्तिशी उलटल्यावर त्याने लायसन्स काढलं. मोठ्या कंपनीत वैमानिक व्हायचं वय तोवर निघून गेलं होतं, म्हणून आणखी परीक्षा देऊन तो इन्स्ट्रक्टर झाला. वाशीला सिडकोचं छोटं घर, बायको सुमित्रा तिथल्याच शाळेत शिक्षिका. सोसायटीतले लोक त्याला ‘पायलटसाहेब’ म्हणायचे, आणि ते ऐकलं की त्याची पाठ जरा ताठ व्हायची.

क्लबचे सेक्रेटरी सबनीस मात्र त्याला नुसतं ‘गमरे’ म्हणायचे. सबनीस स्वतः हौशी वैमानिक होते. रविवारी पांढरे बूट घालून यायचे आणि उड्डाण झालं रे झालं, की दोनशे-तीनशे फुटांवरच झोकात डावीकडे वळायचे. खाली उभ्या पाहुण्यांना ते फार आवडायचं.

“सर, मुलं बघतात,” दिनानाथ एकदा म्हणाला होता.

“गमरे, फिटर तो फिटरच राहिलात तुम्ही,” सबनीस हसत म्हणाले. “प्रत्येक गोष्टीला पाना लावून बघायचा. अहो, उडणं ही कला आहे.”

दिनानाथ शेडकडे वळला. घरी येऊन सुमित्रावर चिडला, भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून. मीठ बरोबर होतं.

त्या वर्षी क्लबात अरुणा कर्णिक नावाची मुलगी आली. वडील बँकेत अधिकारी, दादरहून वाशीच्या नव्या सोसायटीत राहायला आलेले. अरुणा गणितात पदवी घेत होती, विमान चांगलं चालवायची, आणि भांडायची.

“सर, पाचशेच का? चारशे नव्वदला इंजिन गेलं तर?”

“समोर.”

“आणि पाचशे दहाला गेलं तर परत? वीस फुटांत असं काय बदलतं?”

“काही बदलत नाही. पण तेव्हा विचार करायला वेळ नसतो. म्हणून आधी ठरवून ठेवायचं.”

“म्हणजे आकडा खरा नाही, सोयीचा आहे.”

“खरा आहे!” दिनानाथचा आवाज चढला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला पुढचं वाक्य सापडत नाहीये. मुलगी चूक बोलत नव्हती. पण बरोबर बोलून ती मरेल, असं काहीतरी त्याला सांगायचं होतं. ते नीट शब्दांत आलं नाही. तो म्हणाला, “जास्त शहाणपणा नको. चल, विमान तपास.”

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दोघं नेहमीसारखे उडाले. अरुणा चालवत होती, दिनानाथ शेजारी. हवा स्वच्छ होती. धावपट्टी मागे पडली, तार गेली, मिठागरांचे पांढरे चौकोन खाली सरकायला लागले. उंचीचा काटा साडेतीनशेच्या आसपास असताना इंजिनाने एक आचका दिला, दुसरा दिला आणि ते थांबलं. आतला एक छोटासा भाग तुटला होता. त्यात कुणाचाच हलगर्जीपणा नव्हता, हे पुढे सिद्ध झालं, आणि या गोष्टीत तेवढंच काय ते नीट सिद्ध झालं.

नाकावरचा पंखा थांबल्यावर जी शांतता होते, ती दिनानाथने आधी कधी ऐकली नव्हती. वाऱ्याचा नुसता सुस्कारा. क्षणभर दोघंही तसेच बसून राहिले. मग अरुणाने विमान वळवायचा दांडा डावीकडे दाबला आणि विमान वळायला लागलं.

“सोड!”

तिने सोडला नाही. बहुतेक तिला ऐकूच आलं नाही. दिनानाथने तिच्या मनगटावर फटका मारला, दांडा आपल्याकडे घेतला, पंख सरळ केले आणि नाक खाली ढकललं. जमीन अंगावर यायला लागली. समोर दोन मिठागरं, मधे मातीचा बांध. पहिल्यात उतरावं तर बांध आडवा येणार, दुसऱ्यात पोचण्याइतकी उंची नव्हती. तो पहिल्यात उतरला. चाकं पाण्यात शिरली, मीठ काचांवर उडालं, बांधाला धडक बसली आणि विमान हळूच, अगदी दमल्यासारखं, पाठीवर उलटलं.

दोघं पट्ट्यांना उलटे लटकत होते. बाहेरून बाईचा आवाज आला.

“आरं, कोन हाय आत? जित्तं हाव का?”

मिठागरावर काम करणारी बयाबाई होती ती. तिच्याबरोबरच्या माणसांनी दार उचकटून दोघांना बाहेर ओढलं. अरुणाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दिनानाथचे पुढचे दोन दात गेले होते आणि गुडघा भलत्याच दिशेला वळला होता. बयाबाईने अरुणाचं तोंड आपल्या पदराने पुसलं, तिला बांधावर बसवलं, आणि मग दिनानाथकडे वळली.

“माज्या मिठाचा पार चिखल केलास रं बाबा! उतरायला दुसरी जागा नवती?”

दिनानाथला त्या स्थितीतही हसू आलं. पुढे अनेक महिने लोक त्याला हाच प्रश्न विचारणार आहेत, हे त्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. अरुणाचे वडील हॉस्पिटलात येऊन त्याचा हात हातात धरून बसले. “तुमच्यामुळे पोरगी दिसतेय,” म्हणाले. सोसायटीत पेढे वाटले गेले. मग सबनीस आले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, “गमरे, खरं सांगा. मागे एवढी धावपट्टी होती. वळला का नाहीत?”

“साडेतीनशे फुटांवर?”

“मी तर रोज वळतो.”

“तुमचं इंजिन चालू असतं, सर.”

सबनीस उठले. “विमान भंगारात गेलंय. अर्धा क्लब गेला म्हणा ना. कमिटीला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.”

क्लबने चौकशी नेमली. तीन माणसं टेबलामागे बसली. त्यांनी अरुणाला बोलावलं. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. दिनानाथ भिंतीशी काठी धरून बसला होता.

“मिस कर्णिक, तुमच्या मते परत जाता आलं असतं का?”

अरुणाने दिनानाथकडे पाहिलं. मग समोर बघून म्हणाली, “मला वाटतं, हो. मी वळायला सुरुवात केली होती. धावपट्टी मला दिसत होती.”

दिसत होती! दिसणारच. पडेपर्यंत दिसत राहते ती, म्हणून तर माणसं वळतात. दिनानाथला उठून ओरडावंसं वाटलं, की पोरी, तू जिवंत आहेस म्हणून हे बोलू शकतेस. पण ती खोटं बोलत नव्हती. तिला जे वाटलं ते तिने सांगितलं होतं, आणि खोटं न बोलणाऱ्या माणसावर कसं रागवायचं, हे त्याला कळेना.

चौकशीतले एक सदस्य कॅप्टन दारूवाला होते. निवृत्त, जाड भिंगांचे, सरळ मनाचे. ते म्हणाले, “अरे, बोलून काय होते? वर जाऊन बघू ना.”

ठरलं. क्लबच्या उरलेल्या विमानातून दारूवाला आणि दिनानाथ तीन हजार फुटांवर गेले. तिथे चुकलं तरी खाली भरपूर हवा होती. उड्डाणाचा वेग धरायचा, इंजिन मंद करायचं, परत धावपट्टीच्या रोखाने येईपर्यंत वळायचं, आणि किती उंची गेली ते बघायचं. दारूवालांनी इंजिन मंद केलं, त्याच क्षणी नाक खाली घेतलं आणि लोण्यातून सुरी फिरावी तसं विमान फिरवलं. असं सुंदर वळण दिनानाथने कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने काट्याकडे पाहिलं. तीनशे वीस फूट.

“तुझ्याकडे साडेतीनशे होते,” दारूवाला हळू आवाजात म्हणाले.

“तीस फूट उरले, साहेब! तीस फुटांत विमान सरळ करायचं, मागून वारा असताना उतरवायचं? आणि तुम्हाला ठाऊक होतं इंजिन कधी जाणार ते. आम्ही नुसते बघत बसलो होतो आधी. त्या बघण्यात किती उंची गेली असेल?”

“खरे आहे. आता तू मंद कर, मला न सांगता.”

दिनानाथने गप्पा मारता मारता अचानक इंजिन मंद केलं. पण दारूवालांचा हात तयारच होता. अचानक काही होणार आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला अचानक गाठणार कसं? तरीही या वेळी चारशे दहा फूट गेले.

“बघा!” दिनानाथ म्हणाला.

“एकदा जमते, एकदा नाही,” दारूवाला म्हणाले. “मी दोन्ही लिहीन.”

त्यांनी प्रामाणिकपणे दोन्ही लिहिलं. अहवालात शेवटी असं आलं, की वैमानिकाचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, तथापि धावपट्टीवर परतण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबनिसांनी त्यातला ‘तथापि’नंतरचा भाग तेवढा उचलला. दिनानाथला काढलं नाही. गुडघा बरा होईपर्यंत उडवायचं नाही, असं सांगितलं. गुडघा बरा झाल्यावर म्हणाले, सध्या वर्गच घ्या.

मग तो वर्ग घ्यायला लागला. पत्र्याच्या शेडमध्ये फळा, आणि बाहेर एक नवा, तरुण इन्स्ट्रक्टर विद्यार्थ्यांना घेऊन उडायचा. तो मुलांना सांगायचा, “चांगला हात असेल तर तीनशे वीसमध्ये परत येता येतं. सिद्ध झालंय.” मुलं ते वाक्य घेऊन वर्गात यायची. दिनानाथ फळ्यावर चित्र काढायचा, समजावायचा, खडू मोडायचा. कुणीतरी मागून कुजबुजायचं, “सर मिठात पडले होते ना.” आणि हशा.

घरी तो बोलायचा बंद झाला. सुमित्राने एकदा विचारलं, “तुम्हाला नक्की काय हवंय? ती मुलगी जिवंत आहे, तुम्ही जिवंत आहात. आणखी काय सिद्ध व्हायला हवं?”

“मी बरोबर होतो हे!”

“ते कसं होणार सिद्ध?”

याचं उत्तर त्याला एका सकाळी मिळालं. तो शेडच्या दाराशी उभा होता. एका विद्यार्थ्याने उड्डाण केलं, आणि तीनशेच्याही खाली, ऐटीत, विमान डावीकडे वाकवलं. सबनिसांसारखं. दिनानाथ त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या मनात स्पष्ट आलं, की आता बंद पडू दे. आता पडू दे, म्हणजे कळेल सगळ्यांना.

विमान नीट फिरून आलं आणि उतरलं. मुलगा हसत खाली उतरला, त्याने दिनानाथला हात केला. एका आईच्या पोराने मरावं, असं आपण मागितलं? आपला मुद्दा खरा ठरावा म्हणून? दिनानाथ आत जाऊन बाकावर बसला. थोड्या वेळाने सबनिसांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, “मी उद्यापासून येत नाही.”

“एवढं काय झालं, गमरे?”

“काही झालं नाही,” तो म्हणाला. “तेच सांगतोय. काही होण्याची वाट बघत इथे उभं राहायचं नाही मला.”

सबनिसांना काही उमगलं नाही. त्यांनी थांबवलंही नाही.

घर चालवायला सुमित्राची नोकरी होती, पण दिनानाथला बसून राहणं जमेना. न्हावा शेव्याला बंदराचं काम सुरू झालं, तसा तो एका कंत्राटदाराकडे डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीवर लागला. पुन्हा फिटर. हात पुन्हा काळे. इंजिनं मोठी होती, आवाज मोठा होता, आणि बंद पडली तर कुणी मरत नव्हतं. त्याला ते काम आवडलं असतं, पण डोक्यावरून एखादं विमान गेलं की तो काम सोडून वर बघायचा, आणि मुकादम म्हणायचा, “गमरे, चलो यार, काय टेन्शन?” सोसायटीत आता त्याला कुणी पायलटसाहेब म्हणत नव्हतं. नवीन आलेल्यांना तो कधी उडत होता हेच माहीत नव्हतं.

काही वर्षांनी, एका रविवारी, दारात अरुणा उभी राहिली. आता ती स्वतः इन्स्ट्रक्टर होती, घाटावरच्या एका क्लबात. सुमित्राने तिला आत घेतलं, चहा टाकला. दिनानाथ समोर बसला, पण त्याचा चेहरा मोकळा होईना.

“सर, मी एक सांगायला आलेय. तुम्हाला राग येईल.”

“बोल.”

“मला अजून वाटतं, आपण कदाचित पोचलो असतो.”

दिनानाथने कप खाली आपटला. “हे सांगायला इतक्या लांब आलीस?”

“ऐका तरी. मी माझ्या मुलांना काय सांगते ठाऊक आहे? उड्डाणाआधी मोठ्याने बोलायचं. पाचशेच्या आत इंजिन गेलं तर समोर. प्रत्येक वेळी. मी स्वतःही बोलते.”

“आणि तरी म्हणतेस पोचलो असतो?”

“‘कदाचित’ म्हणते. तेवढ्यासाठीच समोर जायचं ना सर? ‘कदाचित’वर दुसऱ्याच्या पोरांना नाही बसवता येत. मला ते शिकवायला लागल्यावर कळलं.”

सुमित्रा स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. दिनानाथने आपटलेला कप सरळ केला. मग त्याचा आवाज फुटला, तो रागानेच.

“हे चौकशीत का नाही बोललीस?”

“तेव्हा कळत नव्हतं. आणि त्यांनी विचारलं होतं, जाता आलं असतं का. जायला हवं होतं का, असं कुणी विचारलंच नाही.”

“मी विचारायला हवं होतं,” तो म्हणाला. “मीसुद्धा दारूवालांबरोबर फूटच मोजत बसलो.”

अरुणाने त्याला आपल्या क्लबात बोलावलं, मुलांशी बोलायला. तो नको म्हणाला, दोनदा म्हणाला. त्या पोरांसमोर उभं राहून पुन्हा तेच दात आणि तेच मीठ सांगायचं? मग मुकादमाकडे सुट्टी मागून गेला.

परत आला तो चिडूनच. चपला काढता काढता सुमित्राला सांगायला लागला. सगळं सांगितलं म्हणे पोरांना. तीनशे वीसचं वळण सांगितलं, चारशे दहाचं सांगितलं, काही झाकलं नाही. आणि शेवटी एका मुलीने उठून विचारलं, सर, मग तुम्ही विमान चालवणं का सोडलंत?

“काय सांगितलंत?”

“काय सांगणार? एखादं विमान पडावं असं मला वाटलं, हे सांगायचं होतं. ते सांगायलाच हवं होतं. तर बस चुकेल म्हणून उठलो.” त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पुन्हा सोडल्या. “अर्धवटच सगळं. नेहमीसारखं.”

“पुन्हा बोलावलंय का?”

“हो.”

“मग?”

“मग काय, जावं लागेल,” तो वैतागून म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.